रक्त पातळ करायचं, पण कुणाचं आणि किती? कोविडमधल्या गुठळ्यांनी काय शिकवलं

(जालना येथे झालेल्या सार्वजनिक व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)

कापूस वेचणीचे दिवस आहेत, घरोघरी कामं आहेत, तरी तुम्ही वेळ काढून आलात, त्याबद्दल आधी आभार.

आजचा विषय मला माझ्या दोन पेशंटनी दिला. पहिले एक आजोबा. भोकरदनकडचे. गुडघेदुखीसाठी आले होते. मी म्हटलं, चालू औषधं दाखवा. त्यांनी पिशवी उलटी केली, तर त्यात रक्त पातळ करणारी गोळी. विचारलं, ही कशासाठी? म्हणाले, "कोविड झाला होता ना २०२१ मध्ये, तेव्हा सुट्टी देताना लिहून दिली होती. बंद करा असं कुणी म्हटलं नाही, म्हणून चालू आहे." वर ते गुडघ्यासाठी दुकानातून दुखण्याची गोळी आणून खात होते. या दोन गोळ्या एकत्र म्हणजे पोटात रक्तस्राव होण्याला निमंत्रण.

दुसऱ्या एक ताई. हृदयाची झडप बदललेली, कृत्रिम झडप बसवलेली. त्यांना रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यायची होती. शेजारच्या कुणीतरी सांगितलं, "अहो, त्या गोळ्यांनी माणूस रक्त वाहून जातो, कोविडमध्ये किती गेले." ताईंनी गोळी बंद केली. काही आठवड्यांनी बोलताना जीभ अडखळायला लागली, तेव्हा घरच्यांनी आणलं.

बघा, एकाने विनाकारण चालू ठेवली, दुसरीने कारण असताना बंद केली. दोघांच्याही मागे कोविडच्या काळात ऐकलेलं अर्धवट ज्ञान. म्हणून आज आपण ते पूर्ण करू.

रक्त पातळ होतं म्हणजे काय?

सगळ्यात आधी हा शब्दच जरा फसवा आहे. आपण म्हणतो "रक्त पातळ करायची गोळी". लोकांना वाटतं, दुधात पाणी घातल्यासारखं रक्त पातळ होतं, त्यामुळे अशक्तपणा येतो. तसं काही होत नाही. रक्ताचा दाटपणा आहे तेवढाच राहतो, हिमोग्लोबिनही तेवढंच राहतं. या औषधांनी फक्त एक गोष्ट होते. रक्त गोठायला वेळ लागतो.

रक्त गोठतं कसं? विळा लागला, बोट कापलं, की तिथे पहिल्यांदा प्लेटलेट, म्हणजे डेंग्यूत आपण ज्यांना "पेशी" म्हणतो त्या, धावत येऊन चिकटतात. मग रक्तातली प्रथिनं एकामागून एक जागी होतात आणि शेवटी फायब्रिन नावाचा धागा तयार होतो. आपण कापसाच्या जिल्ह्यातली माणसं, आपल्याला धागा समजावून सांगायला नको. या धाग्यांचं जाळं विणलं जातं, त्यात लाल पेशी अडकतात, आणि झाली गुठळी. जखम भरली की शरीर स्वतःच ते धागे कापून टाकतं. म्हणजे विणणारे आणि कापणारे, दोन्ही कामगार शरीरात कायम हजर असतात. तब्येत चांगली आहे याचा एक अर्थ, या दोघांचा तोल चांगला आहे.

हा तोल गेला की काय होतं, हे आपल्या शेतकऱ्यांनी वेगळ्या रूपात पाहिलेलं आहे. घोणस, काही ठिकाणी तिला परड म्हणतात, ती चावली की हिरड्यांतून रक्त, लघवीतून रक्त. का? तिचं विष रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांना एकदम भडकवतं. सगळा कच्चा माल भराभर वापरून संपतो. मग जिथे खरंच गोठायला हवं तिथे गोठायला काही उरत नाही. म्हणून सरकारी दवाखान्यात कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग ती तिरपी करून पाहतात. गोठलं नसेल, तर विष भिनलंय, सर्पविषाचं औषध द्यायचं. एवढं लक्षात ठेवा, की जास्त गोठणं आणि जास्त वाहणं ही दोन टोकं वाटतात, पण ती एकाच यंत्रणेची आहेत.

कोविडमध्ये गुठळ्या का व्हायच्या?

जर्मनीत रुडॉल्फ विर्शो नावाचे मोठे डॉक्टर होऊन गेले. १८५० च्या दशकात त्यांनी गुठळ्यांवर जे काम केलं, त्यातून आजही आम्ही तीन कारणं शिकतो. एक, रक्त एका जागी साचणं. दोन, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होणं. तीन, रक्तच जास्त गोठणारं होणं.

आता गंभीर कोविडचा पेशंट डोळ्यांसमोर आणा. आठ-दहा दिवस पलंगावर पडून, म्हणजे पायात रक्त साचतंय. फुफ्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तराला सूज आणि इजा. आणि शरीराने विषाणूविरुद्ध एवढी आग पेटवलेली, की रक्तातली गोठवणारी प्रथिनं वाढलेली. तिन्ही कारणं एकाच माणसात.

हे नुसतं पुस्तकी नाही. २०२० च्या सुरुवातीला जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये कोविडने गेलेल्या पहिल्या १२ जणांचं शवविच्छेदन झालं. त्यातल्या ७ जणांच्या पायांच्या खोल शिरांत गुठळ्या होत्या, आणि जिवंतपणी त्याचा कुणाला संशयही आला नव्हता. चौघांचा मृत्यू थेट फुफ्फुसात अडकलेल्या गुठळीने झाला होता. नेदरलँड्समध्ये अतिदक्षता विभागातल्या १८४ पेशंटचा अभ्यास झाला. सगळ्यांना गुठळ्या टाळणारं औषध चालू होतं, तरी जवळपास ३१ टक्के लोकांना गुठळ्यांचा त्रास झाला.

तुम्ही म्हणाल, डॉक्टर, मग फ्लूमध्ये असं होत नाही का? होतं, गंभीर फ्लूमध्येही होतं. पण एका अभ्यासात कोविड आणि फ्लू या दोन्हीने गेलेल्यांची फुफ्फुसं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांतल्या गुठळ्या कोविडमध्ये फ्लूच्या ९ पट निघाल्या. म्हणजे श्वास कमी पडतोय तो फक्त न्यूमोनियाने नाही. हवा पोचतेय, पण ती घ्यायला रक्तच पोचत नाही, असाही प्रकार होता.

डी-डायमर नावाचा आकडा

त्या दिवसांत आपल्या जिल्ह्यात दोन आकडे घराघरांत पोचले होते. एक सिटी स्कोर, दुसरा डी-डायमर. लोक फोनवर विचारायचे, "दाजींचा डी-डायमर अडीच हजार आलाय, आता काय?"

डी-डायमर म्हणजे काय? मघाशी सांगितलं ना, शरीर फायब्रिनचे धागे कापतं. त्या कापलेल्या धाग्याचे तुकडे म्हणजे डी-डायमर. जिनिंगच्या फरशीवर पडलेली रुई पाहून एवढंच कळतं की आत काम झालंय. कुठल्या शेतातला कापूस, किती गाठी झाल्या, हे त्यावरून कळत नाही. तसंच डी-डायमर वाढलंय म्हणजे शरीरात कुठेतरी धागे विणले आणि कापले गेलेत, एवढंच. ते गरोदरपणात वाढतं, ऑपरेशननंतर वाढतं, कुठल्याही मोठ्या जंतुसंसर्गात वाढतं, कर्करोगात वाढतं, आणि वयाबरोबरही वाढतं. कोविडमध्ये ते फार वाढलेल्यांचा धोका जास्त असायचा, हे खरं. पण नुसत्या आकड्यावर औषध ठरवणं बरोबर नव्हतं, हे पुढे अभ्यासांतून दिसलं.

हेपारिन: पोटावरचं ते इंजेक्शन

ज्यांच्या घरी कुणी ॲडमिट होतं, त्यांना बेंबीच्या बाजूला, कातडीखाली टोचायचं ते छोटं इंजेक्शन आठवत असेल. ते हेपारिनच्या घराण्यातलं.

हे औषध शंभर वर्षांपूर्वीचं. १९१६ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जे मॅक्लीन नावाचा वैद्यकीय विद्यार्थी खरं तर रक्त गोठवणारा पदार्थ शोधत होता. कुत्र्याच्या यकृतातून त्याला नेमकं उलटं सापडलं, रक्त गोठू न देणारं. त्याचे प्राध्यापक विल्यम हॉवेल यांनी पुढे हेपारिन हे नाव दिलं. ग्रीक भाषेत यकृताला हेपार म्हणतात, त्यावरून.

आपल्या रक्तात गोठण्याला लगाम घालणारं अँटिथ्रॉम्बिन नावाचं प्रथिन आधीच असतं, पण ते सावकाश काम करतं. हेपारिन त्याला जाऊन चिकटतं आणि त्याचा वेग हजार पटीपर्यंत वाढवतं. एक मात्र नीट ऐका. हेपारिन झालेली गुठळी विरघळवत नाही. ती वाढू देत नाही आणि नवी होऊ देत नाही. विरघळवण्याचं काम शरीराचं.

आज हेपारिन मुख्यतः डुकराच्या आतड्यांपासून तयार होतं. आपल्या गावात सगळ्या धर्मांचे लोक आहेत, काही घरांना ही अडचण वाटू शकते. विचारायला संकोच करू नका. पूर्णपणे प्रयोगशाळेत बनवलेला फोंडापॅरिनक्ससारखा पर्यायही आहे, तो चालेल का हे डॉक्टर पेशंट पाहून सांगतील.

याचा कच्चा माल बराचसा चीनमधून येतो. म्हणून २०२० मध्ये औषधांच्या किमती ठरवणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाला हेपारिनची कमाल किंमत ५० टक्के वाढवू द्यावी लागली, नाहीतर औषध बाजारात मिळालंच नसतं. आणि दुसऱ्या लाटेनंतर जून २०२१ मध्ये जीएसटी परिषदेने त्यावरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आणला.

डोस किती? खरा प्रश्न इथे होता

हेपारिन देण्याचे ढोबळमानाने दोन डोस. एक टाळण्याचा डोस. समजा एनॉक्सापॅरिन असेल, तर सर्वसाधारणपणे दिवसातून एकदा ४० मिलिग्रॅम. दुसरा उपचाराचा डोस, म्हणजे गुठळी झालेली आहे तेव्हा. तो वजनाच्या प्रत्येक किलोला १ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी. ६० किलोच्या माणसाला दिवसाला १२० मिलिग्रॅम झाले, म्हणजे तिप्पट. किडनी कमजोर असेल तर हे औषध अंगात साचतं, तेव्हा डोस कमी करावा लागतो.

मार्च ते मे २०२१ आठवा. राज्याचे तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे तेव्हा आपल्याच घनसावंगीचे आमदार होते, त्यामुळे बातम्या आपल्याकडे रोज पोचायच्या. बेड नाही, ऑक्सिजन नाही, पेशंट अंबड-परतूर-मंठ्याहून जालन्याला आणि इथून घाटीला. अशा वेळी डॉक्टरच्या मनात काय चालायचं? गुठळ्यांनी माणसं जाताहेत हे दिसतंय. मग सगळ्यांना तिप्पट डोस का देऊ नये? नातेवाईकही म्हणायचे, "डॉक्टर, जे काही भारीतलं आहे ते द्या." एम्स आणि आयसीएमआरच्या एप्रिल २०२१ च्या सूचनांत मध्यम आजाराला टाळण्याचा डोस होता आणि गंभीर आजाराला त्याच्या दुप्पट. काही ठिकाणी त्याहून जास्तही दिलं गेलं. सगळे चांगल्या हेतूनेच करत होते.

मग उत्तर कसं मिळालं? तीन आंतरराष्ट्रीय अभ्यासगटांनी हात मिळवले आणि पेशंटची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली. अर्ध्यांना उपचाराचा डोस, अर्ध्यांना नेहमीचा टाळण्याचा. ऑगस्ट २०२१ मध्ये निकाल छापून आले.

जे ॲडमिट होते पण अजून अतिदक्षता विभागाच्या आधारावर गेले नव्हते, असे २,२१९ पेशंट. त्यांच्यात उपचाराच्या डोसवाले ८०.२ टक्के लोक व्हेंटिलेटरसारखा आधार न लागता वाचून घरी गेले. नेहमीच्या डोसवाले ७६.४ टक्के. म्हणजे शंभरात साधारण चौघांचा फायदा. मोठा रक्तस्राव १.९ विरुद्ध ०.९ टक्के, म्हणजे शंभरात एकाचं नुकसान.

आता अतिगंभीर पेशंट, १,०९८. इथे उपचाराच्या डोसवाले ६२.७ टक्के वाचले, नेहमीच्या डोसवाले ६४.५ टक्के. फायदा शून्य, आणि मोठा रक्तस्राव ३.८ विरुद्ध २.३ टक्के. म्हणूनच डिसेंबर २०२० मध्येच अतिगंभीर पेशंटना या अभ्यासात घेणं थांबवलं होतं.

म्हणजे सगळ्यात आजारी माणसाला सगळ्यात जास्त औषध, हा आपला साधा हिशोब इथे चुकला. का चुकला असावा? तोवर बारीक गुठळ्या होऊन गेलेल्या असतात, फुफ्फुसाचं नुकसान सुजेने झालेलं असतं, आणि अशा नाजूक अवस्थेत रक्त वाहण्याचा धोका वाढतो. गाभा हा, की वेळ चुकली की तेच औषध बिनकामाचं होतं.

इराणमध्ये मधला डोस तपासला गेला, अतिदक्षता विभागात त्याचाही फायदा दिसला नाही. ब्राझीलमध्ये डी-डायमर वाढलेल्या पेशंटना रिव्हारोक्साबॅनची गोळी पूर्ण डोसमध्ये दिली. फायदा नाही, रक्तस्राव मात्र ८ टक्के, दुसऱ्या गटात २ टक्के. ॲस्पिरिनचा अभ्यास सगळ्यात मोठा, जवळपास १५,००० पेशंट, त्यात आपला शेजारी नेपाळही होता. २८ दिवसांत दोन्ही गटांत मृत्यू १७ टक्के. आणि घरी राहून बरे होणाऱ्यांत गुठळ्या इतक्या कमी निघाल्या की गोळ्यांचा उपयोगच दिसेना.

तरी आपल्याकडे घरी बसलेल्या कितीतरी लोकांनी मेडिकलमधून ॲस्पिरिन आणून खाल्ली. ती सवय अजून गेलेली नाही, म्हणून एक कळकळीची विनंती. पावसाळ्यात आपल्याकडे ताप आला की तो डेंग्यूही असू शकतो. डेंग्यूत प्लेटलेट आधीच कमी होतात. त्यात ॲस्पिरिन किंवा ब्रुफेनसारखी गोळी घेतली तर रक्तस्राव होऊ शकतो. तापाला साधं पॅरासिटामॉल, आणि बाकी डॉक्टर सांगतील ते.

कधी धावत यायचं?

कुठल्याही मोठ्या आजारानंतर, ऑपरेशननंतर किंवा बाळंतपणानंतर एकाच पायाची पोटरी सुजली, दुखतेय, गरम लागतेय, तर मालीश करत बसू नका. अचानक धाप लागली, छातीत श्वासागणिक कळ येतेय, खोकल्यातून रक्त आलं, चक्कर येऊन पडला, तर १०८ ला फोन करा. आणि रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर काळी डांबरासारखी शौच, लघवीतून रक्त, डोक्याला मार लागल्यावर उलट्या किंवा गुंगी, यासाठीही तेवढ्याच घाईने या.

श्रोत्यांचे प्रश्न

*माझ्या वडिलांना कोविडनंतरची गोळी अजून चालू आहे. आजपासून बंद करू का?*

दादा, आज घरी जाऊन बंद करू नका. सुट्टीचं कार्ड शोधा आणि ते घेऊन डॉक्टरांकडे जा. विचारायचं एकच, "ही कशासाठी आहे?" फक्त कोविडनंतर काळजी म्हणून दिली असेल, तर तिची मुदत केव्हाच संपली. ब्राझीलमधल्या एका अभ्यासात जास्त धोका असलेल्या पेशंटना सुट्टीनंतर छोटा डोस दिला, त्याचा फायदा झाला, पण तो ३५ दिवसांपुरता. आजारपणात पायात किंवा फुफ्फुसात गुठळी झाली असेल, तर साधारण किमान तीन महिने. पण झडप कृत्रिम असेल, हृदयाचे ठोके अनियमित असतील, तर ही गोळी कोविडची नाहीच, ती त्या आजाराची आहे आणि बहुधा कायमची.

*ही उंदीर मारायचं औषध असलेली गोळी आहे, असं म्हणतात. खरं का?*

एका गोळीपुरतं खरं आहे, वॉरफेरिन. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये बुरशी लागलेला चारा खाऊन गायी रक्त वाहून मरायच्या. १९३३ मध्ये एक शेतकरी दुधाच्या कॅनमध्ये न गोठणारं रक्त घेऊन विद्यापीठात पोचला. त्यातून शोध लागला, पुढे उंदरांचं औषध झालं, आणि १९५० च्या दशकात माणसांचं. फरक डोसाचा आहे. म्हणून तर ती गोळी चालू असताना आयएनआर नावाची तपासणी ठरलेल्या वेळी करायची असते. मघाच्या ताईंसारख्या कृत्रिम झडपवाल्यांना आजही हीच गोळी लागते.

*कोविशील्डने गुठळ्या होतात अशी बातमी होती. आम्ही दोन्ही डोस घेतलेत. तपासणी करावी का?*

काका, ती गोष्ट खरी आहे, पण अत्यंत दुर्मीळ. त्यात गुठळ्या होतात आणि त्याच वेळी प्लेटलेट कमी होतात, आणि ते लस घेतल्यानंतर साधारण पहिल्या महिन्या-दीड महिन्यात होतं. तुम्हाला आता त्यासाठी काहीच तपासायची गरज नाही. उगीच डी-डायमर करू नका. आकडा थोडा वर आला तर झोप उडेल आणि हाती काही लागणार नाही.

*लसूण खाल्ल्याने रक्त पातळ राहतं ना?*

लसूण खा, भाकरीबरोबर चांगला लागतो. पण गोळीच्या जागी लसूण नको.

वेळ संपत आली. घरी गेल्यावर एक काम करा. घरातल्या मोठ्या माणसांची औषधांची पिशवी काढा, आणि प्रत्येक गोळीपुढे ती कशासाठी आहे ते कागदावर लिहा. जिथे लिहिता येणार नाही, तो कागद घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. त्या आजोबांची गोळी आम्ही तशीच एका कागदावरून बंद केली.